‘ल’ कोणता टाकू?

डिझाइन शिकणाऱ्या मुलांना सुट्टीत एक काम हमखास मिळतं. ग्राफिक डिझाइन स्टुडिओ शोधा, त्यातले पाच निवडा, मेल पाठवून परवानगी काढा, जाऊन या आणि रिपोर्ट लिहा. ऐकायला सोपं वाटतं. पण कोणते पाच निवडायचे, आणि तिथे जाऊन नेमकं बघायचं काय, हे कुणी सांगत नाही. मग मुलं तेच करतात जे आपण सगळेच करतो. मोबाइल काढतात, ‘टॉप टेन’ टाइप करतात आणि जे वर येईल ते वहीत उतरवतात.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं उलट आहे. ही यादी कशी करायची यात आपल्या भाषेचा, म्हणजे मराठीचा, थेट संबंध आहे. आणि तो डिझाइनवाल्यांपेक्षा साहित्यवाल्यांनी आधी ओळखायला हवा.

माझी मामेबहीण डिझाइन शिकते. कॉलेज दूरच्या शहरात, घर मोहगावला. ज्यांना मोहगाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मध्य प्रदेशात सौंसरजवळचं हे छोटं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा. छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हापासून त्यात. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती, त्यामुळे कुणाला सीमा जाणवायचं कारणच नव्हतं. मग राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि सौंसर-पांढुर्णा इकडे राहिलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, नोकरीसाठी इंग्रजी, आणि बाजारात जे तोंडात येईल ते. असं ते गाव.

तर या सुट्टीत मामाकडे गेले तेव्हा बहिणीने यादी माझ्यापुढे ठेवली. “ताई, तू लिटरेचरवाली. तू फक्त मेल लिहून दे, चांगल्या इंग्रजीत.” मेल लिहून दिले. पण यादी वाचताना मला प्रश्न पडत गेले. तिने एक तक्ता केला होता. स्टुडिओचं नाव, शहर, मोठे क्लायंट, मिळालेले पुरस्कार, इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स. पाच रकाने, आणि सगळे नीट भरलेले. शहरं मुंबई, पुणे, अहमदाबाद, बंगळुरू, दिल्ली. यात चूक काहीच नाही. हे स्टुडिओ चांगलंच काम करतात. पण तक्ता पूर्ण वाचूनही मला एक गोष्ट कळली नाही. यातल्या कुणाकडे देवनागरी अक्षर काढणारा माणूस आहे का? मराठी वाचणारा तरी आहे का? असा रकानाच नव्हता.

“त्याचं काय ताई, फॉन्ट असतो ना,” ती म्हणाली.

इथेच माझं मत सुरू होतं.

फॉन्ट असतो हे खरं. पण कोणता? मोहगावच्या रस्त्याने चालत जा आणि पाट्या वाचा. अभ्यासासाठी इतकी चांगली जागा पुण्यात मिळणार नाही. एका पाटीवर ‘मोहगाव’ तर दुसरीवर ‘मोहगांव’. एका टिंबाचा फरक. टिंब नसलेलं मराठी, टिंब असलेलं हिंदी. नव्या जिल्ह्याचं नाव कुठे ‘पांढुर्णा’, कुठे ‘पांढुर्ना’. आडनाव ‘काळे’ असेल तर पाटीवर ‘काले’ व्हायला वेळ लागत नाही, कारण रोजच्या हिंदीत ‘ळ’ नाही. खतं-बियाण्यांच्या दुकानावर ‘शेतकऱ्यांसाठी’ लिहायचं असतं, आणि त्यातला आपला तो कोयरीसारखा वाकलेला अर्धा ‘र’ सापडत नाही म्हणून डोक्यावर रफार चढवून ‘शेतकर्यांसाठी’ केलं जातं. वाचणारा वाचतो. पण मोठ्याने वाचून बघा, तो शब्द वेगळाच होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. आपण दोघंही देवनागरीच लिहितो, पण मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि हिंदी ‘ल’ उजवीकडे दांडा असलेला. मराठी ‘श’ शेंडीफोड्या, हिंदी ‘श’ गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ असं ठरवून दिलं. पण तो निर्णय महाराष्ट्राचा. सीमा ओलांडली की त्या अक्षराला कुणी पालक उरत नाही. तिथे मराठी ‘ल’ टिकतो तो फक्त लिहिणाऱ्याच्या हातात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मामी घरी शिवणाचे वर्ग घेते. फाटकावर लावायला पत्र्याची पाटी करायची होती: ‘शिवणकला वर्ग’. गावातल्या पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी पत्र्यावर आधी पांढरा हात मारून ठेवला होता. खडूत घोळलेल्या दोरीने सूत मारलं, दोन रेघा आखल्या, खडूनेच अक्षरांच्या जागा धरल्या. मग ब्रश हातात घेऊन थांबले आणि विचारलं, “बेटा, ल कोणता टाकू? आपला का त्याईचा?”

माझी बहीण त्यांच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं ती डिझाइन शिकते आहे. अक्षरांमधलं अंतर, रंगांचं चक्र, ग्रिड, सगळं तिला येतं. पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. कारण ती ज्यावर काम करते ते सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारत नाही. आपण कळ दाबतो आणि फॉन्टमध्ये जो ‘ल’ असेल तो उमटतो. संगणकाच्या लेखी हे दोन्ही ‘ल’ एकच आहेत. युनिकोडमध्ये दोघांना मिळून एकच क्रमांक आहे. आकार कोणता दाखवायचा ते फॉन्टवर अवलंबून. फॉन्ट करणाऱ्याने मनावर घेतलं तर एकाच फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवता येतात, आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी आकार आपोआप येतो. ही सोय तंत्रात आहे. पण ती कुणीतरी आधी फॉन्टमध्ये घालायला हवी, आणि वापरणाऱ्याला ती आहे हे माहीत हवं. फ्लेक्सच्या दुकानात रात्री अकरा वाजता वाढदिवसाचा बॅनर करणाऱ्या मुलाकडे तेवढा वेळ कुठून येणार?

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. बघण्यासारखा स्टुडिओ तो, जिथे हा प्रश्न विचारला जातो. मग तो बंगळुरूच्या काचेच्या इमारतीत असो की मोहगावच्या फाटकासमोर ब्रश धरून उभा असो.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा ‘ल’चं काय घेऊन बसलीस. हिंदी ‘ल’ काय वाईट आहे? अजिबात नाही. हिंदीत तो सुंदरच दिसतो, आणि मला हिंदीशी भांडायचं नाही. मी स्वतः अर्धा विचार इंग्रजीत करते, मी कुठल्या तोंडाने शुद्धतेचा झेंडा घेऊ? पण पुण्यातल्या मुलाला त्याची भाषा चारी बाजूंनी दिसते. पेपरात, बसवर, शाळेच्या फळ्यावर. मोहगावच्या मुलाला ती ऐकू येते, दिसत मात्र फार कमी. आणि लिपी तर दोन्हींची एकच. मग पाटीवरचा मजकूर आपल्या भाषेतला आहे हे ओळखायला त्याच्याकडे काय उरतं? एक ‘ळ’, एक न दिलेलं टिंब, दोन पाकळ्या. एवढ्याच खुणा. त्या गेल्या तर भाषा लगेच मरणार नाही, पण डोळ्यांना दिसायची बंद होईल. जी भाषा डोळ्यांना दिसत नाही ती घरापुरती राहते. घरापुरती राहिलेली भाषा पुढची पिढी किती दिवस सांभाळते, हे शहरांतल्या आपल्या इंग्रजी माध्यमवाल्या घरांत आपण बघतोच आहोत.

अक्षर काढणारा माणूस नसेल तर काय होतं याचं उदाहरण आपल्या साहित्याच्या इतिहासातच आहे. अभ्यासक्रमात आपण फादर थॉमस स्टीफन्स यांचं नाव वाचतो. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट, १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते. ग्रंथ मराठी, पण छापला गेला रोमन लिपीत. का? स्टीफन्सना देवनागरी नको होती म्हणून नाही. १६०८ साली त्यांनी आपल्या संघाच्या रोममधल्या प्रमुखांना पत्र लिहिलं होतं. इथल्या भाषेत आणि इथल्याच अक्षरांत पुस्तकं छापलेली बघावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे, असा त्याचा आशय. अडचण त्यांनीच सांगितली. युरोपात दोन डझन अक्षरांत भागतं, इथे सुमारे ६०० साचे लागतील. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. यंत्र होतं, कागद होता, कवी होता, मराठीवर जीव टाकणारा फादर होता. अक्षरं ओतून देणारा नव्हता. म्हणून मराठीतला एवढा मोठा ग्रंथ दुसऱ्याच्या अक्षरांत जन्माला आला. मला ही गोष्ट कॅथलिक म्हणून जितकी लागते त्यापेक्षा मराठीची विद्यार्थिनी म्हणून जास्त लागते.

पुढे मुंबईत जे घडलं तो तर माझ्या मते मराठीतला सगळ्यात महत्त्वाचा ‘स्टुडिओ व्हिजिट’ आहे. अमेरिकन मिशनचा मुंबईत छापखाना होता. तिथे थॉमस ग्रॅहम नावाचे गृहस्थ देवनागरीचे लहान आणि सुबक खिळे तयार करत. मिशनऱ्यांना शुभवर्तमानं आणि धर्मपुस्तिका छापायच्या होत्या. त्या छापखान्याचं काम जवळून बघितलं गणपत कृष्णाजी यांनी. आपल्याही धर्माची पुस्तकं अशी छापता आली पाहिजेत, हे त्यांच्या मनाने घेतलं. शिकवायला कुणी गुरू नव्हता. त्यांनी स्वतः यंत्र जुळवलं, शाई करून पाहिली, आणि १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये गणपत कृष्णाजींच्या या खटपटीची नोंद करून ठेवली आहे, ते आपल्या लायब्ररीतही सापडेल.

त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी लहान वयात खिळे घासायच्या कामाला लागले. पुढे राणोजी रावजी आरू यांच्या साथीने त्यांनी स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरचा टाइप किती सुंदर होता ते बघायचं असेल तर जुनी संस्कृत किंवा मराठी पोथी उघडा. शंभर-सव्वाशे वर्षांनी आजही डोळ्यांना त्रास होत नाही.

या दोघांच्या गोष्टीत माझ्या बहिणीसाठी एक सरळ धडा आहे. ते दुसऱ्याच्या कारखान्यात गेले, पण स्वतःचं काम डोक्यात घेऊन गेले. गणपत कृष्णाजी तिथे यंत्र बघून भारावले असते आणि घरी जाऊन कौतुक सांगत बसले असते तर आपल्याला पंचांग मिळालं नसतं. त्यांनी विचार केला, हे माझ्या अक्षरात, माझ्या मजकुरासाठी कसं करता येईल? स्टुडिओ बघायला जाणाऱ्याने हाच प्रश्न खिशात ठेवून जायला हवं. नाहीतर मग आपण बघून येतो ते रंगीत बीनबॅग, कॉफीचं मशीन आणि भिंतीवरचं इंग्रजी सुभाषित. रिपोर्टला फोटो छान येतात, एवढाच फायदा.

आता काळ पुढे आणू. कुणाला वाटेल की हाताने अक्षर काढणं आणि संगणक ही दोन वेगळी जगं आहेत. र. कृ. जोशींकडे बघा. जाहिरातीच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलं, मग पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत शिकवलं. सुलेखनकार होते, कविताही लिहायचे. आणि विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फॉन्ट वापरला तो त्यांचाच. म्हणजे देशभर सरकारी पत्रं ज्या अक्षरांत टाइप झाली ती अक्षरं बोरू धरणाऱ्या एका मराठी हातातून आली. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली की पेपरातली जाहिरात बघून नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. २०२० साली ते गेले. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखनात वेगळी वाट काढली. आणि आज मुंबईत ‘एक टाइप’ नावाचा गट भारतीय लिप्यांचे फॉन्ट तयार करतो. त्यांचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. बालूची गंमत माहीत आहे का? वेगवेगळ्या लिप्यांतल्या त्याच्या भावंडांची नावं बालू भाई, बालू दा, बालू थंबी, बालू चेट्टन अशी आहेत. गुजराती, बंगाली, तमिळ, मल्याळम, जो तो आपापल्या भाषेतला भाऊ. जाड, गोलमटोल, हसरं अक्षर. ते बघितलं की मला ब्रशने रंगवलेल्या पाटीचीच आठवण येते.

ही नावं बहिणीच्या पहिल्या यादीत नव्हती. मोठ्या क्लायंटचा रकाना भरताना ती सापडत नाहीत. अक्षराचा रकाना केला की लगेच सापडतात.

आता मामाचा आक्षेप. जेवताना हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा तो म्हणाला, “पेंटरकडे जाऊन रिपोर्ट दिला तर मार्क कोण देईल? आणि नोकरी काय पेंटर देणार आहे?” हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. शिक्षणाला पैसे लागतात. ते मामाने बाजूला काढून ठेवले आहेत. मोठ्या स्टुडिओत एक दिवस जाऊन आलं तर इंटर्नशिपची ओळख निघते. तिथे शिस्त दिसते. क्लायंटशी कसं बोलतात, एका कामाचे किती आराखडे फेकून देतात, पैसे कसे आकारतात, हे कळतं. पेंटरकाका यातलं काही दाखवू शकत नाहीत. त्यांचा धंदा तर फ्लेक्सने जवळजवळ संपवलाच आहे. फ्लेक्स एका तासात छापून मिळतो आणि स्वस्त पडतो. आता त्यांना काम मिळतं ते शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि एखादी मामीसारखी हौशी बाई. कुणी पेंटरच व्हा असं मी सांगत नाही. जुनं ते सोनं म्हणून गळा काढणाऱ्यांतलीही मी नाही.

पण मामाला मी एवढंच म्हटलं. मोठा स्टुडिओ तिला जे देईल ते तिच्या वर्गातल्या चाळीस मुलांनाही देईल. सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये तीच पाच नावं असतील. मोहगावची मुलगी म्हणून तिच्याकडे जे आहे ते त्या चाळीसांकडे नाही. ती एकाच रस्त्यावर दोन भाषांचं देवनागरी बघत मोठी झाली आहे. कोणत्या पाटीवर कोणता ‘ल’ आहे हे तिला दिसतं. इतरांना दाखवलं तरी दिसायला वेळ लागतो. उद्या एखादी कंपनी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हीकडे पाकीट विकणार असेल तर हा फरक सांगणारं कुणीतरी तिला लागेल. ही भावनेची गोष्ट नाही मामा, हा धंदाच आहे. मामा हसला आणि भाकरी वाढून घेतली. पटलं की नाही ते सांगितलं नाही.

बहिणीने यादी बदलली. मोठे स्टुडिओ पाचाऐवजी दोनच ठेवले. एक जागा फॉन्ट करणाऱ्यांची. एक सौंसरचा छापखाना, जिथे लग्नपत्रिका मराठीत आणि हिंदीतही छापतात आणि रोज हा प्रश्न समोर येतो. आणि पाचवे पेंटरकाका. कॉलेजच्या फॉर्ममध्ये स्टुडिओची वेबसाइट लिहायची असते. तिथे तिने लिहिलं, ‘गावातल्या भिंती’. मार्क किती मिळतील ते मिळतील.

तुमच्यापैकी कुणी किंवा तुमची भावंडं असं काही करणार असतील तर तिथे विचारायचे चार प्रश्न सुचवते. पहिला, तुमच्याकडे मराठी किंवा हिंदी मजकूर आला तर तो कोण वाचतं? दुसरा, डिझाइन आधी इंग्रजीत करून मग देवनागरी त्यात बसवता, की सुरुवातच देवनागरीने करता? याचं उत्तर कामातही दिसतं. इंग्रजीच्या चौकटीत कोंबलेल्या मराठीच्या मात्रा वरच्या ओळीला टेकतात आणि उकार खालच्या ओळीवर पडतात. तिसरा, फॉन्ट विकत घेता, फुकटचा वापरता, की कुणाचा तरी उचलता? हा प्रश्न नम्रपणे विचारा, पण विचारा. फॉन्ट करणाऱ्याचंही पोट असतं. आणि चौथा, तुमच्याकडे अक्षरावरून कधी वाद झालाय का? झाला असेल तर त्या ठिकाणी दोन तास जास्त बसा. तिथे शिकायला मिळेल.

आणि आपलं काय, साहित्य शिकणाऱ्यांचं? आपण कवितेतल्या एका शब्दावर तासभर बोलतो. ती कविता कोणत्या अक्षरात छापली आहे त्याकडे एक मिनिटही बघत नाही. लेखक आपल्याला माहीत असतो, फार तर प्रकाशक. अक्षर काढणारा माहीत नसतो. बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्राक्षरांवर इंग्रजीत तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. साहित्याचा विद्यार्थी तो सहसा उघडत नाही, कारण तो ‘आपला’ विषय नाही असं आपण ठरवून टाकलंय. स्टीफन्सनी १६०८ सालीच ओळखलं होतं की तो आपलाच विषय आहे.

म्हणून मंडळाकडे माझी एक मागणी आहे. या ई-अंकाचं मुखपृष्ठ आपण दर वेळी तयार टेम्पलेटवर करतो. पुढच्या अंकाचं शीर्षक आपल्यातल्या कुणीतरी हाताने काढावं. वाकडं आलं तरी चालेल. आणि दर वर्षी जी साहित्य सहल निघते ती या वर्षी एखाद्या छापखान्यात, पाट्या रंगवणाऱ्याकडे किंवा फॉन्ट करणाऱ्यांकडे काढावी. बस तीच, खर्च तेवढाच. डिझाइनच्या मुलांनाही सोबत घेऊ. त्यांना मजकूर कळेल, आपल्याला अक्षर कळेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. सूचना माझी, अनुमोदन द्यायला तुम्ही या.